दोनशे किलोमीटरसाठी सायकल

बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत लांबचं अंतर कापायची सायकल-सफर. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300ला वीस. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो, त्यामुळे निव्वळ शर्यतीची सायकल घेण्यात फारसं हशील नाही.

दुकानात लोक आधी सायकल उचलून वजन बघतात. आधी बसून बघावं. हँडल फार खाली असेल तर शंभर किलोमीटरनंतर मान, मनगटं आणि कंबर कुरकुरायला लागतात. ‘एन्ड्युरन्स’ प्रकारच्या रोडबाइकचं हँडल जरा उंच असतं. फ्रेमचा साइज चुकला, तर लाखाची सायकलही कुचकामी.

टायर 28 ते 32 मिमीचे बसतील अशी फ्रेम घ्या. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, हादरे कमी बसतात आणि वेगही वाटतो तितका घटत नाही. 23 मिमीचे टायर आपल्या रस्त्यांवर? हौसच म्हणायची.

घाटासाठी गिअर मोजूनच घ्या, अगदी दात मोजून. पुढचं लहान चक्र 34 दातांचं आणि मागचं सर्वांत मोठंही 34चं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक एकदाच फिरतं. खंबाटकी घाट सीटवर बसूनच, सावकाश चढता येतो. मागे 28वरच गाडी थांबत असेल, तर मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) त्या सायकलच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, चालेल का, ते दुकानदाराला विचारा.

पावसात कोकणात उतरायचं असेल तर डिस्क ब्रेकच बरे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवर भोकं आहेत ना, तेही पाहून घ्या.