सहाव्या बोटाचा चोर

भर पार्टीत एकाला बूट-मोजा काढायला लावतात. पायाला सहा बोटं असतील, तर तोच हिरेचोर अमर. बोटं पाचच निघतात! विजय आनंद यांच्या ‘ज्वेल थीफ’ (1967) मधला हा प्रसंग आजही रंगतो. देव आनंद यांचा विनय हा रत्नपारखी. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा अमर मात्र कुणाच्या हाती लागत नाही. तपास पुढे गंगटोकला, सिक्कीमच्या डोंगरांत पोचतो. खरा चोर कोण, हे इथे फोडणं म्हणजे न पाहिलेल्यांवर अन्यायच.

या चित्रपटाशी सांगलीचंही नातं आहे. 8 सप्टेंबर 1933 रोजी सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी तनुजावर चित्रित झालेलं ‘रात अकेली है’ गायलं. संगीत सचिनदेव बर्मन यांचं. कानात कुजबुजावं असा आवाज, आणि मग अचानक तार सप्तकात झेप! मोहात पाडणं आणि दचकवणं, दोन्ही एकाच गळ्यातून. चित्रपटाची रीतही हीच: आधी गोडीगुलाबी, मग धक्का. कथेत योगायोग जरा जास्तच झालेत, हे खरं. पण देव आनंद यांची ती चौकड्यांची टोपी दिसली की तक्रार कोण करतो?