औंधचे नमस्कार, जोंधळ्याची भाकरी आणि औषधाची बाटली

महाराष्ट्रातल्या निसर्गोपचाराचा इतिहास लिहिणारे उरुळी कांचनपासून सुरुवात करतात. फार मागे गेले तर पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या दिनशा मेहतांच्या दवाखान्यापर्यंत जातात. गांधीजी मार्च १९४६ मध्ये उरुळीला राहिले, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान आणि रामनाम यांनी खेडुतांवर उपचार केले, पुढे मणिभाई देसाईंनी तिथेच आयुष्य घालवले. हे सारे अनेकांनी चांगले लिहिले आहे, त्याची उजळणी इथे करत नाही. माझी तक्रार जुनी आहे. अन्न आणि व्यायाम यांच्या बळावर साध्या माणसांचे शरीर राखण्याचा सार्वजनिक प्रयोग उरुळीच्या बरीच वर्षे आधी आमच्या भागात, औंध संस्थानात झाला, आणि तो या इतिहासांत एखाद्या तळटीपेपुरता उरतो.

आमचा भाग म्हणजे कोणता, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. सांगली जिल्हा १९४९ साली सातारा जिल्ह्यातून वेगळा काढला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा होते. सांगली हे नाव १९६० मध्ये आले. औंध आज साताऱ्यात आहे, पण त्या संस्थानची आटपाडी आणि कुंडल सांगलीत आली. किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर उभा राहिला तो औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरज हाकेच्या अंतरावर, आणि या कथेचा पहिला धागा मिरजेतूनच निघतो.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) तरुणपणी सँडो या युरोपीय व्यायामपटूच्या पद्धतीचे भक्त होते. त्यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. तो काळच सँडोचा होता. १९०४-०५ मध्ये तो स्वतः हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. पण १९०८ साली मिरजेच्या राजेसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या स्नेह्यांनी, सूर्यनमस्कारांचा आग्रह धरला आणि औंधच्या राजांनी डंबेल्स खाली ठेवले. नमस्कार त्यांच्या घरात नवे नव्हते. देवघरात सूर्याला दंडवत घालणारी माणसे आपल्या प्रत्येक गावात होती. टाकळीला समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत अशी परंपरा आहे, आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बहे आणि शिराळ्याचे मारुती तर आमच्याच जिल्ह्यात आहेत. भवानरावांनी त्या व्रताला शिस्तीचा, मोजता येणारा, शिकवता येणारा व्यायाम केले. दहा ठरलेल्या स्थिती, प्रत्येक स्थितीला ठरलेला श्वास, तोंड बंद, आणि एकदा जमिनीवर टेकलेले तळवे उठेपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. हा शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज शिबिरांत शिकवतात त्या पद्धतीत हात पुढेमागे सरकतात, पाय हवे तिथे पडतात आणि पाठीच्या कण्याला मिळायचा ताण खांद्यांवर जातो. तळवे रोवून केलेल्या पंचवीस नमस्कारांची सर सरकत्या शंभरांना येत नाही, हे मी आमच्या सकाळच्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

राजांनी हे स्वतःपुरते ठेवले नाही. राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालत. संस्थानच्या शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. मुलींना सक्ती, आणि ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत, यावर थोडे थांबायला हवे. त्या वेळी आमच्या तालमींत बाईमाणसाला उंबरा ओलांडता येत नव्हता. तालीम हवी तर हौद हवा, माती हवी, वस्ताद हवा, खुराकाला दूध-तूप-बदाम हवे. नमस्काराला घरातली साडेतीन हात जमीन पुरते. स्वयंपाक लागायच्या आधी, दार लावून, कोणाला न सांगता बाईला तो करता येतो. स्त्रियांच्या व्यायामाचा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणारा राजा त्या काळात दुसरा मला माहीत नाही. त्यांनी पुस्तक लिहिले, नमस्कारांचा चित्रपट काढवला, व्याख्याने दिली. विलायतेच्या प्रवासात ‘न्यूज क्रॉनिकल’च्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक काढले. सत्तर-बहात्तर गावांच्या संस्थानातला व्यायाम लंडनच्या पुस्तकांच्या दुकानांत गेला. पुढे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत वकिलातीच्या नोकरीत जगभर फिरले आणि त्यांनीही याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

औंधातच पंडित सातवळेकर स्वाध्याय मंडळ चालवत होते. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांना लोक ओळखतात, पण आसने आणि सूर्यनमस्कार यांवरची त्यांची लहान पुस्तके मराठी घरांत किती शिरली होती हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या फळीवर ती होती. १९४८ मध्ये पंडितजी पारडीला गेले आणि १९६८ साली, शंभरी ओलांडून वारले.

आता ज्यांच्याशी माझे पटत नाही त्यांच्याकडे वळतो. एक पक्ष म्हणतो, आजचा सूर्यनमस्कार जसाच्या तसा वेदकाळापासून चालत आला. सूर्योपासना जुनी आहे, दंडवत जुना आहे. पण दहा स्थितींचा हा क्रम शाळाशाळांत गेला तो औंधमुळे, आणि त्याचे श्रेय हजारो वर्षांत विरघळवून टाकणे हा भवानरावांवर अन्याय आहे. दुसरा पक्ष, बहुतेक परदेशी पुस्तके वाचून, सगळे श्रेय म्हैसूरच्या राजवाड्याला देतो. तिथे तिसाच्या दशकात योगशिक्षक कृष्णमाचार्यांनी मोठे काम केले, त्याबद्दल वाद नाही. त्याच राजवाड्यात नमस्कारांचे वर्गही चालत, पण तोवर औंधच्या शाळांतली मुले रोज नमस्कार घालत होती. तिसरा पक्ष सर्वांत जास्त नुकसान करतो. तो एकशे आठ, एक हजार, विक्रम, मैदानभर पांढरे गणवेश आणि आकाशातून छायाचित्रे यांच्या मागे लागला आहे. वाग्भटाने बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीने व्यायाम करायला सांगितले, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. वर्षभर खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला रथसप्तमीच्या पहाटे एकशे आठ नमस्कार घालायला लावणे हे ना आयुर्वेदाला धरून आहे ना औंधला.

राजांच्या पुस्तकात बीजमंत्रांच्या ध्वनीने अमुक अवयव बरा होतो असे दावे आहेत, त्या काळच्या आरोग्यपुस्तकांत ते सर्वत्र सापडतात. मी त्यांचे समर्थन करत नाही. नमस्काराने सांधे मोकळे राहतात, श्वास सुधारतो, पोट हलके राहते, झोप लागते. एवढे पुष्कळ आहे.

तालमीविषयी दोन शब्दांत आवरतो, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. या मातीचे मोठेपण त्यात आहे. पण मल्लाचा व्यायाम आणि खुराक साऱ्या समाजाला लागू करू नये.

अन्नाकडे येतो. या भागाचे अन्न जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्याने ठरवले. जोंधळा, बाजरी, हुलगा, मटकी, कारळे, जवस; कृष्णाकाठच्या काळ्या रानात खपली गहू. सकाळी आंबील नाही तर हुलग्याचे माडगे, दुपारी भाकरी, कालवण आणि कच्चा कांदा, ताक, पावसाळ्यात पाथरी, तांदुळसा, चिघळ. पोळी सणाला. हे जेवण कोणी आहारतज्ज्ञाने आखून दिले नव्हते. आज त्यातल्या एकेका गोष्टीला वेगळे काढून विकतात. २०२३ साल भरडधान्यांचे जागतिक वर्ष झाले आणि विश्रामबागेच्या दुकानांत नाचणी-ज्वारीची बिस्किटे आली. पुडा उलटून पाहिला तर धान्याच्या बरोबरीने साखर आणि पामतेल. दरम्यान टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचे पाणी आले तिथे जोंधळ्याच्या रानात डाळिंब, द्राक्ष आणि ऊस उभा राहिला. शेतकऱ्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, कोरडवाहू जोंधळ्यावर त्याचे घर चालत नव्हते. पण ज्या घरात जोंधळा पिकत होता त्या घरात आज रेशनचा तांदूळ आणि चहा-खारी आहे, हे आटपाडीला गेलो की दिसते.

जुने अन्न म्हणजे अमृत, असेही मी म्हणणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात दाखवून दिले, की जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कातडी सोलवटणारा रोग होत होता. भाकरीबरोबर ताक, डाळ, पाला हवा. सगळे मिळून ते अन्न होते. नुसती भाकरी ही गरिबी होती. हा भेद आजचे भाकरीचे गोडवे गाणारे करत नाहीत.

द्राक्षांचा प्रश्न मला जास्त छळतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली, बागायतदार हवालदिल झाले, आणि तिकडे जाणाऱ्या मालाची तपासणी कडक झाली. युरोपच्या मुलाने खायच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत लागतो. शंभर फुटी रस्त्यावरच्या गाड्यावरून आपण नातवंडांसाठी घेतो त्या घडाचा लागत नाही. नैसर्गिक आहारावर व्याख्याने देणारी मंडळी लिंबूपाण्यावर तासभर बोलतात, या विषयावर नाही.

हळदीचेही तसेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षे साठवली जायची, २००५ च्या महापुराने त्या पेवांची दैना झाली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्याचा आम्हा सांगलीकरांना अभिमान आहे. पण तीच हळद आता कॅप्सूलमध्ये, मिरपुडीचा अर्क घालून, भाजीत पडते त्याच्या कैक पट मात्रेत गिळली जाते, आणि तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलाचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. पण रोज काढा पिणाऱ्याने वर्षातून एकदा यकृताची तपासणी करून घ्यावी, एवढे सांगायला कोणाची हरकत असू नये.

औषधांबद्दल मी काय म्हणतो ते ऐकून आमच्या निसर्गोपचाराच्या पंथातले काहीजण दुखावतात. विश्रामबागेपासून मिरजेकडे जाताना वानलेसवाडी लागते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले, आणि वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय त्याच कामाचा भाग होते. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी क्षयाला खरा निसर्गोपचारच होता: उघडी हवा, ऊन, दूध, अंडी, पूर्ण विश्रांती. पाचगणीचे बेल-एअर क्षयरुग्णालय त्याच विचाराने १९१२ मध्ये निघाले. उत्तम डॉक्टर, उत्तम हवा, उत्तम अन्न. काही रुग्ण त्यातून बरे होत, पुष्कळ होत नसत. मग चाळीसच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनायझिड आले, आणि क्षयाचे घर म्हणजे मृत्यूचे घर ही समजूत मोडली. आमच्या नात्यात त्या दोन्ही काळांतली माणसे होती. हवा-पाण्याची महती गाणाऱ्याने वानलेसवाडीचा हा धडा विसरू नये.

क्षयरुग्णालयांच्या त्या काळात साताऱ्यात आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय निघाले ते आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक दोन्ही शिकवायला. आमच्या वाडवडिलांना या दोहोंत वैर दिसले नव्हते. आज ते मुद्दाम पेरले जाते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक एका शिबिरातून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून परतले, कारण तिथे कोणी त्यांना ‘विषमुक्त’ व्हायला सांगितले. काही महिन्यांत त्यांची उजवी बाजू गेली. मधुमेही मुलाचे इन्सुलिन सोडवणारा माणूस निसर्गोपचारक नव्हे. त्याने केलेल्या अपायाला कायद्यात नाव आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि मधुमेह त्याच्या यादीत आहे. तो वापरला जात नाही. दुसऱ्या बाजूला सांधेदुखीची ‘गावठी’ पुडी चार दिवसांत आराम देते तेव्हा तिच्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. बॉस्टनमध्ये २००४ साली तपासलेल्या आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. खऱ्या वैद्याचे नाव यानेच खराब होते.

आणि व्यायामाच्या जागी काय आले? जिमच्या पोरांच्या पिशवीत मेफेंटरमाईनची इंजेक्शने. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे औषध. पश्चिम महाराष्ट्रात पोलीस त्याचे साठे पकडत असल्याच्या बातम्या वारंवार येतात. ज्या जिल्ह्याने मारुती माने दिले, तिथली अठरा वर्षांची मुले दंड फुगवण्यासाठी नसेत सुई खुपसतात. भवानरावांचे पुस्तक त्या मुलांच्या हाती कोणी दिले नाही, हा दोष आमच्या पिढीचा आहे.

शाळांमध्ये व्यायामाचा तास वेळापत्रकात आहे, प्रत्यक्षात तो गणित किंवा शिष्यवृत्तीच्या सरावाला जातो. २१ जूनला योग दिन होतो, रथसप्तमीला नमस्कार होतात, दोन्ही दिवशी छायाचित्रे निघतात. विश्रामबागेतल्या आणि कुपवाड रस्त्यावरच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी जाहीर विनंती आहे: प्रार्थनेआधी रोज दहा मिनिटे, बारा नमस्कार, तळवे रोवून. पटांगण नसेल तर व्हरांडा चालतो, साहित्य काही लागत नाही. शिकवायला माणूस हवा असेल तर आमच्या सकाळच्या वर्गाला कळवावे. विलिंग्डन कॉलेजच्या मैदानाच्या बाजूने फिरायला येणाऱ्यांत औंधची पद्धत नीट शिकलेली पाच-सात माणसे अजून आहेत आणि ती विनामोबदला येतील.