गृहीतकांची कसोटी

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातील कुरू तळावरून युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्यांदाच झेपावले. इंजिन पेटल्यापासून ४० सेकंदांच्या आत ते मार्ग सोडून भरकटले आणि आकाशातच नष्ट झाले. क्लस्टर या अंतराळ मोहिमेचे चार उपग्रह त्याच्याबरोबर गेले. इंजिन ठीक होते, इंधनही ठीक होते. चूक सॉफ्टवेअरमधल्या एका आकड्याची होती.

रॉकेटच्या दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हा कोड मुळात एरियन-४ साठी लिहिलेला. ते रॉकेट ही मर्यादा ओलांडूच शकत नाही, असा हिशेब करून आणि संगणकावरचा भार आटोक्यात ठेवण्यासाठी तिथे संरक्षण दिलेले नव्हते. एरियन-५ चा आडवा वेग मात्र कितीतरी जास्त होता. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने बंद झाली होती. दुर्दैव असे, की उड्डाणानंतर एरियन-५ ला त्या गणिताची गरजच नव्हती.

जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने शिफारस केली: कोडमध्ये दडलेली गृहीतके शोधा आणि तपासा. डेव्हलपरच्या हाती यासाठी रोजचे साधन आहे, ते म्हणजे युनिट टेस्ट. प्रोग्रामचा एक छोटा तुकडा वेगळा घ्यायचा, त्याला ठरावीक माहिती द्यायची आणि अपेक्षित उत्तर येते का, हे दुसऱ्या छोट्या प्रोग्रामकडून तपासून घ्यायचे. कोड बदलला, की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या.

समजा, दिलेले वर्ष लीप आहे का, हे सांगणारे फंक्शन लिहायचे आहे. २०२४ ला ‘हो’ आणि २०२३ ला ‘नाही’ आले, की नवखा डेव्हलपर थांबतो. मुरलेला पुढे विचारतो: १९०० चे काय? शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही, म्हणून ते लीप नाही. २००० ला चारशेनेही भाग जातो, म्हणून ते लीप. हा प्रश्न किती खरा आहे पाहा: लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटने १९०० ला लीप मानले, त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलनेही तेच केले, आणि २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख एक्सेल आजही मान्य करते.

टेस्ट लिहिण्याची ही शिस्त रुजवण्यात सॉफ्टवेअर अभियंते केंट बेक यांचा वाटा मोठा. स्मॉलटॉक भाषेसाठी त्यांनी टेस्टची चौकट बनवली होती. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी एरिक गामा यांच्यासोबत जावा भाषेसाठी जेयुनिट ही तशीच चौकट लिहायला घेतली. पुढे इतर अनेक भाषांनी तोच साचा उचलला. बेक यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीत टेस्ट आधी लिहितात, ती नापास होताना पाहतात, मग ती पास होईल इतकाच कोड लिहितात आणि शेवटी तो नीटनेटका करतात. यात आणखी एक लाभ होतो. जे फंक्शन डेटाबेस, नेटवर्क आणि घड्याळ यांच्याशिवाय तपासताच येत नाही, त्याची रचनाच सुधारायला हवी, हे टेस्ट लिहितानाच कळते.

टेस्टलाही मर्यादा आहेत. चूक आहे हे टेस्ट दाखवू शकते, चूक उरलेलीच नाही हे नाही, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी बजावून ठेवले आहे. म्हणून कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला याच्या, टक्केवारीवर विसंबू नये. एरियनमधली ती ओळ जुन्या रॉकेटवर कितीदा तरी सुरळीत चालली होती; नव्या रॉकेटच्या आकड्यांनी ती तपासलीच गेली नव्हती. आज एआय कोडही लिहिते आणि त्याच्या टेस्टही. पण कोड पाहून लिहिलेली टेस्ट कोडचेच गृहीतक पुन्हा उच्चारू शकते. काय खरे असायला हवे, हे माणसाने ठरवायचे असते.

नव्या डेव्हलपरने एक सवय आजच लावून घ्यावी. बग सापडला, की लगेच दुरुस्त करू नये. आधी त्या बगमुळे नापास होणारी टेस्ट लिहावी, मग कोड सुधारावा. बग तर जातोच, शिवाय तो कोणत्या चुकीच्या समजुतीतून आला, याची चालती-बोलती नोंद पुढच्या प्रत्येकासाठी कोडपाशी राहते.