खुणा पाठ झाल्या, गप्पा कधी?

ऐकू न येणाऱ्या मुलाचे आईवडील तक्ता भिंतीला लावून रोज त्याच्याकडून खुणा घोटून घेतात. पाठांतर वाईट नाही. खुणाच ठाऊक नसतील तर मूल बोलणार कशाने? भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द जमा झाले. पण यादी म्हणजे भाषा नव्हे. या भाषेत ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘हो की नाही’ हा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. हे अंगवळणी पडते ते गप्पांतूनच.

हिरकणीवाडीतल्या घरांना विषयांचा काय तोटा? रायगडाचा रोपवे समोरच. ‘ट्रॉली’ एवढीच खूण करून थांबू नका. आत कोण बसलेय? आज बंद का? वारा सुटलाय का? विचारा आणि उत्तराची वाट पाहा (हेच पालकांना जड जाते!). बाळासाठी हिरकणी अंधारात कडा का उतरली, हेही विचारा. मुलाची खूण चुकली तर मध्येच हात धरू नका. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. मग तीच खूण बरोबर करून उत्तर द्या.

भाषा रुजण्याची पहिली पाच वर्षे मोलाची. श्रवणयंत्र असले तरी खुणा सोडू नका. आजी-आजोबांनाही चार खुणा शिकवाच. जेवताना सगळे हसतात आणि मुलाला कारण कळत नाही, हे मला बहिरेपणापेक्षा घातक वाटते.