पोट भरलेलं माकड कोडं का सोडवतं?

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तो माणसाच्या वागण्याचा शास्त्रीय नियमच असावा असं वाटू लागतं. प्राण्यांविषयी तर शंकाच नको : भूक, तहान, वेदना आणि प्रजनन यांपलीकडे जनावराला हलवणारं काही नाही, असं आपण धरून चालतो. या समजुतीला एकेकाळी मानसशास्त्राचाही भक्कम आधार होता. येल विद्यापीठातल्या क्लार्क हल यांनी १९४३ साली सविस्तर मांडलेल्या सिद्धांतानुसार शरीराला काही कमी पडलं की आत एक ताण निर्माण होतो. ज्या कृतीने तो उतरतो, ती कृती प्राणी शिकतो आणि पुन्हा पुन्हा करतो. भुकेलेला उंदीर वाट शोधतो ती खाण्यासाठी. मांडणी नेमकी होती, प्रयोगांनी तपासता येण्यासारखी होती, आणि हे तिचं मोठेपण मान्य करायला हवं. पण तिच्या हिशेबाने पोट भरलेल्या, सुरक्षित प्राण्याने स्वस्थ पडून राहायला हवं. तो तसा राहत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांपुढे खिट्टी, आकडा आणि कोयंडा असलेली यांत्रिक कोडी ठेवली. सोडवल्याबद्दल खाऊ नव्हता, शाबासकी नव्हती, काहीच नव्हतं. तरीही माकडं कोडी उघडत राहिली आणि दिवसागणिक त्यात तरबेज होत गेली. पुढे कोड्यात बेदाणा ठेवला, तेव्हा त्यांच्या चुका कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर अर्थातच आक्षेप घेता येतो. माकडाने आजवर हातांनी चाळवाचाळव करूनच अन्न मिळवलेलं असतं. मग कोड्याची ओढ ही अन्नाचीच उसनी ओढ कशावरून नाही? पण तसं असतं, तर अन्न मिळेनासं झाल्यावर ती हळूहळू विझायला हवी होती. हार्लो यांचे सहकारी रॉबर्ट बटलर यांनी १९५३ साली बंद पेटीतल्या माकडांना योग्य रंगाचं दार ढकललं की काही क्षण बाहेर बघू दिलं. एवढ्याशा मोबदल्यावर माकडं रंगांतला फरक शिकली, आणि दार ढकलायला कंटाळली नाहीत.

यावर काहींनी पळवाट काढली : मग कुतूहल हीसुद्धा भुकेसारखीच एक प्रेरणा माना. मानायला हरकत नाही. मात्र मग मूळ सिद्धांतात काय उरतं, तेही सांगावं लागेल. भूक लागते ती शरीराला काही कमी पडल्यामुळे, आणि जेवल्यावर ती शमते. कुतूहलाच्या मागे शरीरातली कोणती कमतरता दाखवणार? प्रत्येक वागण्यामागे त्याच नावाची प्रेरणा चिकटवत गेलं की स्पष्टीकरण दिल्याचं समाधान मिळतं, स्पष्टीकरण मात्र मिळत नाही.

माणसाच्या बाबतीत हाच पोटोबाचा नियम अब्राहम मॅस्लो यांच्या नावावर खपवला जातो. प्रशिक्षण शिबिरांत हमखास दिसणारा तो गरजांचा पिरॅमिड त्यांच्या १९४३ सालच्या मूळ लेखात नाहीच. तो पुढच्या काळात व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी रूढ केला. खालची गरज पूर्ण भागल्यावरच वरची जागी होते, हा समज चुकीचा असल्याचं तर मॅस्लो यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. ध्येयासाठी सर्वस्वावर पाणी सोडणारी माणसंही त्यांनी अपवाद म्हणून नोंदवली आहेत. (आषाढीला पंढरपुरात उपाशीपोटी विठोबापुढे उभी राहणारी गर्दी पाहता ती म्हणही थोडी सबुरीनेच घ्यावी.)

उरला प्रश्न बक्षिसांचा, आणि घराघरांत, शाळाशाळांत खरं नुकसान इथेच होतं. बक्षीस लावलं की उत्साह वाढणारच, असं आपण गृहीत धरतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना प्रशस्तिपत्र देऊ असं आधी सांगून चित्रं काढून घेतली, काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. म्हणजे घात प्रशस्तिपत्राने केला नव्हता. ‘हे मी त्यासाठी करतोय’ या आधीच बसलेल्या समजाने केला होता.

म्हणून बक्षीस हे विषच, असं म्हणणं हा उलट्या बाजूचा गैरसमज होईल. बक्षिसाचा अपाय फार मर्यादित परिस्थितीतच होतो, असा युक्तिवाद जूडी कॅमरन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ साली केला. त्याला उत्तर म्हणून एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १२८ प्रयोग एकत्र तपासले. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आवडीच्या कामातली गोडी घटते, हे त्यात पुन्हा दिसलं. मनमोकळ्या कौतुकाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गोडी वाढल्याचंही दिसलं. जे काम मुळातच कंटाळवाणं असतं, तिथे मात्र बक्षिसाने गोडी घटल्याचं आढळलं नाही. तेव्हा पाढे पाठ करून घेण्यासाठी चॉकलेट कबूल करायला हरकत नाही. जे मूल आपणहून पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलं आहे, त्याला ते कबूल करू नका.