टेनेसी : निळ्या धुक्याचे डोंगर, पठारावरचे धबधबे आणि भूकंपाचे सरोवर
लेखमाला : भूरूपे आणि पर्यटन (लेखांक सातवा)

अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी हे राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ७०० किलोमीटर लांब पसरलेले आणि उत्तर-दक्षिण त्यामानाने अगदी अरुंद आहे. पूर्वेस ॲपलेशियन पर्वतरांगेची उंच शिखरे, मध्यभागी वालुकाश्म व चुनखडीची पठारे आणि पश्चिमेस मिसिसिपी नदीचा सखल गाळप्रदेश अशी त्याची तीन रूपे असून, राज्याच्या कायद्यानेही पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन विभाग मानलेले आहेत. १९०५ साली स्वीकारलेल्या राज्यध्वजावरील तीन तारे हे त्यांचेच प्रतीक होय. नॅशव्हिल आणि मेम्फिस या संगीतासाठी विख्यात असलेल्या शहरांविषयी विपुल लिहिले गेले असल्याने येथे विचार करायचा आहे तो केवळ निसर्गस्थळांचा. ही स्थळे पर्यटकांपुढे सहसा 'अस्पर्श निसर्ग' म्हणून ठेवली जातात, परंतु त्यांपैकी बहुतेक कोणाकडून तरी विकत घेतलेली, कोणाकडून तरी हिरावलेली, किंवा भांडून सार्वजनिक करून घेतलेली आहेत, आणि हा इतिहास वगळला तर त्यांचे दर्शन अपुरेच राहते.

या स्थळांत अग्रस्थान अर्थातच ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाचे आहे. सुमारे २,१०० चौरस किलोमीटरचे हे उद्यान टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत जवळपास निम्मे-निम्मे विभागलेले असून वर्षाकाठी एक कोटीहून अधिक भेटी नोंदवणारे ते अमेरिकेतील सर्वाधिक गर्दीचे राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगरांवर सदैव रेंगाळणारी निळसर धूसरता हा धूर नसून, दाट अरण्यातील झाडे जी बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी संयुगे, बाहेर टाकतात त्यांपासून बनलेल्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरल्याने ती दिसते. सर्वोच्च शिखर कुवोही हे २,०२५ मीटर उंच आहे. ते दीर्घकाळ क्लिंगमन्स डोम या नावाने ओळखले जात होते. चेरोकी या मूलनिवासी समाजाच्या मागणीवरून २०२४ साली त्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत देण्यात आले. पायथ्याशी वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिखरावर २,१०० मिलिमीटरहून अधिक. त्यामुळे खालच्या ओक व मेपलच्या रानातून निघालेला प्रवासी तासाभरात कॅनडातल्या वाटाव्यात अशा स्प्रूस व फर वृक्षांच्या थंड, ओल्या बनात पोहोचतो. हिमयुगात उत्तरेकडील बर्फाचे थर येथवर आले नाहीत, मात्र थंडीमुळे दक्षिणेकडे सरकलेल्या वनस्पतींनी या रांगांचा आश्रय घेतला आणि हवामान पुन्हा उबदार झाल्यावर त्या उंच माथ्यांवर टिकून राहिल्या. तीसेक जातींचे सॅलामँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे पण बेडकाच्या गणगोतातले उभयचर प्राणी, येथे आढळतात ते याच सततच्या ओलाव्यामुळे.

पश्चिम अमेरिकेतील जुनी राष्ट्रीय उद्याने मुख्यतः सरकारी जमिनीवर झाली, पण स्मोकी पर्वतातील जमीन लाकूड कंपन्या आणि लहान शेतकरी यांच्या मालकीची होती, आणि कंपन्यांनी तिच्यावरचे बरेचसे जंगल तोडून नेले होते. सहा हजारांहून अधिक तुकडे खरेदी करावे लागले. दोन्ही राज्यांनी पैसा दिला, शाळकरी मुलांनी नाणी जमवली आणि रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून ५० लाख डॉलर मिळाले, तेव्हा कुठे १९३४ साली उद्यान अस्तित्वात आले. आज जे घनदाट अरण्य पर्यटक पाहतो ते मोठ्या प्रमाणावर त्यानंतर पुन्हा वाढलेले आहे. केड्स कोव्ह नावाच्या खोऱ्यात या खरेदीची दुसरी बाजू दिसते. येथे फार जुने खडक भूगर्भीय दाबाने नव्या चुनखडीवर सरकले होते आणि झिजेमुळे वरचा थर निघून जाऊन खालची चुनखडी उघडी पडली. भूवैज्ञानिक अशा रचनेला 'खिडकी' म्हणतात. चुनखडीच्या मातीमुळे तळ सपाट व सुपीक झाला, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून गोरे वसाहतकार तेथे शेती करू लागले, तर ज्यांचा तो मुलूख होता त्या चेरोकींना १८३८ साली लष्कराच्या बळावर मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. शंभर वर्षांनी उद्यानासाठी या शेतकऱ्यांवरही घरे सोडण्याची पाळी आली. ओंडक्यांची घरे, चर्च आणि पाणचक्की आज जपून ठेवलेली आहेत. घरे जपली गेली आणि माणसे गेली, ही विसंगती पाहणाऱ्याच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही.

या उद्यानातील एक दृश्य मात्र इतिहासाच्या ओझ्याविना पाहता येते. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, एल्कमाँट या जुन्या लाकूडतोड वसाहतीच्या परिसरात, काळोख पुरता दाटला की 'फोटिनस कॅरोलिनस' या जातीचे नर काजवे लागोपाठ पाच ते आठ वेळा चमकतात आणि मग सारे रान एकदम सात-आठ सेकंद विझते. त्या अंधारात गवतालगत बसलेल्या माद्या मंद उजेडाने उत्तर देतात आणि पुन्हा सगळीकडे एकाच वेळी प्रकाश पसरतो. भंडारदरा किंवा पुरुषवाडीच्या परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहिलेल्यांना या दृश्याची कल्पना लगेच येईल. गर्दीमुळे या काळातील प्रवेश सोडत काढून दिला जातो आणि पांढऱ्या उजेडाने काजव्यांचे संकेत विस्कटतात म्हणून विजेरीवर लाल कागद लावावा लागतो.

स्मोकी पर्वताच्या नैर्ऋत्येस ओकोई नदी आहे. तिच्या उगमाकडील डकटाउन परिसरात एकोणिसाव्या शतकात तांबे सापडले. त्याचे खनिज उघड्यावर लाकडांच्या ढिगांवर भाजले जाई, त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने झाडे मेली, उरलेली सरपणासाठी तुटली आणि सुमारे १३० चौरस किलोमीटर भूमी लाल, उघडी-बोडकी झाली. शेजारच्या जॉर्जिया राज्याने दाद मागितल्यावर १९०७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारखान्यांनी पुढे त्या वायूपासून गंधकाम्ल बनवून विकण्यास सुरुवात केली, आणि तोच धंदा तांब्याहून मोठा ठरला. नदीची गोष्ट आणखी निराळी आहे. १९१३ साली तिचे पाणी डोंगराच्या कडेने बांधलेल्या लाकडी पाटातून वीजघराकडे वळवण्यात आले आणि मधले पात्र कोरडे पडले. १९७६ साली पाट नादुरुस्त होऊन बंद पडला, तेव्हा पाणी पात्रात परतले आणि खळाळत्या धारेत होड्या चालवणारे हौशी लोक तेथे जमू लागले. पाट दुरुस्त होताच ठराविक दिवशी पाणी सोडलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि अमेरिकी संसदेकडून त्यासाठी तरतूद मिळवली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील खळाळत्या पाण्यातील नौकाशर्यती याच नदीच्या वरच्या भागात झाल्या. वेळापत्रक न पाहता जाणाऱ्याला मात्र आजही कोरडे दगडच दिसण्याचा संभव असतो.

मध्य टेनेसीतील कंबरलँड पठार हा धबधब्यांचा आणि गुहांचा प्रदेश आहे, आणि या दोहोंचे कारण एकच: वर कठीण वालुकाश्माचा थर आणि खाली त्यामानाने मऊ शेल व पाण्यात विरघळणारी चुनखडी. प्रवाह कड्यावरून कोसळतो तेव्हा खालचा खडक आधी झिजतो, वरचा थर छपरासारखा पुढे राहतो आणि पाणी कड्याला न टेकता सरळ खाली पडते. फॉल क्रीक फॉल्स हा ७८ मीटर उंचीचा धबधबा याचा ठळक नमुना असून पूर्व अमेरिकेतील सर्वांत उंच सलग धबधब्यांत त्याची गणना होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी बारीक होते, म्हणून त्याच्या दर्शनाला पावसानंतरचा वसंत ऋतूच उत्तम. जमिनीखाली तीच चुनखडी विरघळून राज्यात दहा हजारांहून अधिक गुहा निर्माण झाल्या आहेत. चॅटनूगा शहराजवळील लुकआउट पर्वताच्या पोटातला ४४ मीटरचा रुबी फॉल्स १९२८ साली सापडला. त्याच पर्वतावर १८९५ पासून तारेच्या दोराने ओढली जाणारी रेल्वे चालते आणि माथ्यावरून टेनेसी नदीचे प्रचंड वळण एका नजरेत दिसते.

राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील रीलफूट सरोवराकडे बाहेरचे पर्यटक क्वचितच वळतात, आणि ही उणीव भरून निघावी असे वाटते, कारण इतके तरुण आणि इतके विलक्षण सरोवर शोधून सापडणे कठीण आहे. १८११ च्या डिसेंबरपासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत न्यू माद्रिद परिसरात भीषण भूकंपांची मालिका झाली. जमीन काही मीटर खचली, मिसिसिपी नदी काही काळ उलटी वाहिल्याचे तत्कालीनांनी सांगितले, आणि खचलेल्या दलदलीच्या रानात पाणी साठून हे उथळ सरोवर बनले. पाण्यात उभे असलेले टक्कल-सुरू, ज्यांना तेथे सायप्रस म्हणतात, बुंध्याशी घागरीसारखे फुगलेले असतात आणि त्यांच्या मुळांचे गुडघ्यांसारखे उंचवटे पाण्यावर डोकावतात. पाण्याखाली बुडालेल्या जुन्या रानाच्या खुंटांमधून वाट काढण्यासाठी स्थानिक कोळ्यांनी खास घडणीच्या होड्या तयार केल्या. १९०८ साली एका जमीन कंपनीने सरोवरावर खाजगी हक्क सांगितल्यावर मासेमारीवर जगणाऱ्यांतील काही जण बुरखे घालून रात्री हिंडू लागले आणि त्यांनी कंपनीच्या एका वकिलाचा खून केला. राज्यपालांना सैन्य धाडावे लागले, परंतु त्यानंतर काही वर्षांतच सरोवर राज्याच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचे झाले. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही पाणी सर्वांचे, हा त्या लोकांचा मूळ मुद्दा न्याय्यच होता.

हिवाळ्यात, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, उत्तरेकडून आलेले टकले गरुड सायप्रसच्या उघड्या फांद्यांवर बसलेले दिसतात. पूर्वेकडील टेकड्यांवरील शेतजमिनींतून वाहून येणाऱ्या मातीने सरोवर हळूहळू उथळ होत चालले आहे. तेव्हा टेनेसीला जाणाऱ्या वाचकांनी स्मोकी पर्वतासाठी राखलेल्या दिवसांतून दोन दिवस वाचवून रीलफूटला अवश्य जावे.