घाट, सायकल आणि शिरस्त्राण

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट तुमच्यापैकी अनेकांनी एसटीतून पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याचे अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर. म्हणजे एवढ्याशा प्रवासात आपण सातशे मीटरांहून अधिक चढतो. हल्ली हा घाट सायकलने चढणारी मंडळीही रस्त्यात भेटतात. चढताना त्यांचा दम निघतो खरा, पण धोका असतो तो उतरताना. वळणावर पसरलेली बारीक खडी, मध्येच आडवे आलेले गुरू, पहिल्या पावसाने निसरडा झालेला रस्ता, यांपैकी काहीही सायकलस्वाराला खाली आणायला पुरेसे असते.

घाटच कशाला, गावाकडच्या पांदणीतून सायकल दामटतानाही हेच घडते. वर मुरूम, खाली काळी माती आणि अधूनमधून डोके वर काढलेला बेसाल्टचा दगड. पडणे सर्वस्वी टाळता येत नाही, परंतु पडल्यावर काय व्हावे हे थोडेफार आपल्या हातात असते. त्यासाठी दुकानात हेल्मेट, हातमोजे, गॉगल, गुडघ्याचे पॅड अशी नाना प्रकारची साधने मिळतात. प्रश्न असा की, यांतले काय घ्यावे? खिशात पैसे मोजकेच असतील तर आधी काय घ्यावे? उत्तर दुकानदाराच्या आधी आपल्या विज्ञानाच्या पुस्तकालाच विचारू या.

वेग कोठून येतो?

समजा, तुम्ही ताशी ३० कि. मी. वेगाने चालला आहात आणि सायकल घसरून तुम्ही बाजूला पडलात. तुमचे डोके जमिनीवर किती वेगाने आदळेल? ‘ताशी तीस’ असे उत्तर बहुतेक जण देतील, पण ते बरोबर नाही. तीसचा वेग पुढच्या दिशेने आहे. जमिनीकडे जाणारा वेग डोके किती उंचीवरून खाली आले यावर अवलंबून असतो. सायकलवर बसलेल्याचे डोके साधारण दीड मीटर उंच असते. दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २० कि. मी. होतो. उभ्या सायकलवरून धाडकन बाजूला पडलेल्या मुलाचे डोकेही याच वेगाने आपटू शकते! ‘हळूच तर चालवतो, हेल्मेट कशाला?’ या म्हणण्यात किती अर्थ आहे, ते यावरून ध्यानात येईल. पुढचा वेग नाहीसा होतो असे मात्र नाही. तो आपल्याला जमिनीवर फरफटत नेतो आणि समोर झाड किंवा वाहन आले तर तोही आघातात सामील होतो.

आता खरा मुद्दा. हा वेग किती अंतरात शून्य होतो? नववीत तुम्ही गतीची समीकरणे शिकता. पडताना मिळालेल्या वेगाचा वर्ग म्हणजे २ × गुरुत्वत्वरण × उंची. थांबताना तोच वर्ग म्हणजे २ × मंदन × थांबण्याचे अंतर. दोन्ही बाजू समान मांडल्या की एक सुटसुटीत नियम हाती येतो:

मंदन ÷ गुरुत्वत्वरण = पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर

उघडे डोके दगडावर आपटले तर कातडी फार तर तीन मिलिमीटर दबेल. दीड मीटर म्हणजे १,५०० मिलिमीटर. १,५०० भागिले ३ म्हणजे ५००. अर्थात डोक्यावर गुरुत्वत्वरणाच्या पाचशे पट मंदन येते. आता कवटी आणि दगड यांच्यामध्ये दोन सेंटिमीटर दबणारा एखादा थर घाला. १,५०० भागिले २० म्हणजे केवळ ७५! दगड तोच, उंची तीच, डोकेही तेच. बदलले ते फक्त थांबण्याचे अंतर. लक्षात ठेवा, हे सरासरी आकडे आहेत. प्रत्यक्षात एखाद्या क्षणी मंदन याहून बरेच वाढते. तरीही हिशेबाची दिशा हीच राहते.

थर्मोकोलच का?

असा दबणारा थर कशाचा करावा, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना पडला आणि सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा त्यांनी पुढे अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

सायकलस्वार मात्र नंतरही कितीतरी वर्षे चामड्याच्या पट्ट्यांची जाळीवजा टोपी घालत. ती कान खरचटू देत नसे, पण थांबण्याचे अंतर काही वाढवत नसे. १९७५ साली बेल या अमेरिकन कंपनीने कठीण कवच आणि आत थर्मोकोल अशा रचनेचे सायकलचे हेल्मेट बाजारात आणले. आजही सायकलच्या बहुतेक हेल्मेटांच्या पोटात हेच द्रव्य असते. पॉलिस्टायरिनचे मणी वाफेने फुगवून ते एकमेकांना चिकटवले की थर्मोकोल तयार होतो. हेल्मेटमधला थर्मोकोल टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलपेक्षा घट्ट असतो, तरी त्याच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवाच असते. आघात झाला की या मण्यांच्या भिंती चुरगळतात आणि आघाताची ऊर्जा त्या चुरगळण्यात खर्च होते.

मग मऊ स्पंज का नको? एक प्रयोग करून पाहा. पाच सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलचा तुकडा आणि तेवढ्याच जाडीचा गादीचा स्पंज फरशीवर ठेवा. वाण्याकडचे अर्धा किलोचे लोखंडी वजन ५० सेंटिमीटर उंचीवरून दोहोंवर सोडा. पाय मात्र दूर ठेवा. स्पंज झटकन दबतो, वजन जवळजवळ तळाला जाते आणि वर उसळते. थर्मोकोलवर मात्र खड्डा पडतो आणि तो कायम राहतो. खड्ड्याची खोली पट्टीने मोजा, ५० ला त्या खोलीने (सेंटिमीटरमध्ये) भागा आणि वजनाला किती पट मंदन सोसावे लागले ते काढा. उंची बदलून पुन्हा मोजा. वर्गात चार गटांनी हा प्रयोग केला तर फळ्यावर सुरेख आलेख काढता येईल.

तो कायमचा खड्डा आणखी एक गोष्ट शिकवतो. थर्मोकोलची एक जागा एकदाच उपयोगी पडते. चुरगळलेले मणी पुन्हा फुगत नाहीत. म्हणून जोरदार मार बसलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे. आणि म्हणूनच जुन्या बाजारातून हेल्मेट कधीही घेऊ नये. आधी त्याच्यावर काय गुदरले ते आपल्याला दिसत नाही.

मेंदूचे फिरणे

सरळ आघाताइतकाच तिरका आघातही घातक असतो. काशाच्या वाटीत पाणी घ्या, त्यावर तुळशीचे पान तरंगत ठेवा आणि वाटी चटकन गर्रकन फिरवा. वाटी फिरते, पान मात्र जवळपास तेथेच राहते. मेंदूदेखील कवटीत द्रवाने वेढलेला असतो. डोक्याला एकदम हिसका बसून ते फिरले की मेंदू मागे राहतो आणि त्याच्या तंतूंना ताण बसतो. यावर उपाय म्हणून स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात हेल्मेटच्या आत किंचित सरकणारा एक पातळ थर बसवण्याची कल्पना विकसित केली. आघाताच्या वेळी हा थर दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि हिसक्याचा काही भाग डोक्यापर्यंत पोहोचत नाही. अशी हेल्मेटे महाग असतात. परवडले तर घ्यावे. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते हेल्मेट डोक्यावर नीट बसणे.

हेल्मेट कसे निवडाल?

पहिली गोष्ट, मानकाची खूण. हेल्मेटच्या आत चिकटवलेली चिठ्ठी वाचा. ‘ईएन १०७८’ हे युरोपीय मानक असेल, तर त्या नमुन्याची दीड मीटरवरून सपाट पोलादावर टाकून परीक्षा होते आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या २५० पटींच्या वर जाऊन चालत नाही. ‘सीपीएससी’ या अमेरिकन मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे. मानकाचे नावच नसलेले चकचकीत हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. बांधकामावरचे हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी असते, क्रिकेटचे चेंडूसाठी. त्यांच्यावर सायकलची भिस्त ठेवू नका. आपल्याकडील ‘आयएस ४१५१’ हे मानक मोटारसायकलच्या हेल्मेटचे आहे. ते हेल्मेट जड असते आणि घाट चढताना त्यात डोके शिजून निघते.

दुसरी गोष्ट, माप. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचे हेल्मेट घ्या. ते आडवे, सपाट बसावे. भुवया आणि हेल्मेटची कड यांत दोन बोटांचे अंतर राहावे. पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरावे. मग पट्टा लावून जोराने मान हलवा. हेल्मेट मागे सरकले आणि कपाळ उघडे पडले, तर ते माप तुमचे नव्हे. पुढच्या वर्षी डोके मोठे होईल म्हणून ढगळ हेल्मेट घेणे म्हणजे आजचे डोके उद्यासाठी गहाण ठेवणे होय.

तिसरी गोष्ट, हवा. अकोला-अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे २,४०० जूल उष्णता नेतो, पण त्यासाठी डोक्यावरून वारा वाहायला हवा. म्हणून पुढून मागे जाणाऱ्या खाचा असलेले हेल्मेट घ्या. उन्हासाठी डोक्याला रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट घालण्याची सवय मात्र वाईट. जाड घड्यांमुळे हेल्मेट हलते आणि हवाही अडते. हवीच तर पातळ सुती टोपी घाला. थर्मोकोलला उष्णता आणि पेट्रोल, थिनर यांसारखी द्रव्ये सोसत नाहीत. तेव्हा हेल्मेट भर उन्हात बंद मोटारीत ठेवू नका आणि त्यावर रंगाने नावही लिहू नका.

बाकीची साधने

पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो. म्हणून हेल्मेटनंतर हातमोजे. तळव्यावर जाडसर कापड असलेले हातमोजे मुरमावर घासतात, कातडी वाचते. घामाने मूठ घसरत नाही हा वरचा फायदा. त्यानंतर डोळे. पांदणीच्या दोन्ही अंगांना बाभळीचे काटे आणि संध्याकाळी तोंडावर येणारे किडे. यासाठी काचेचा नव्हे, तर पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्यावा. तो सहसा फुटत नाही. संध्याकाळी रंगहीन भिंगच बरे.

गुडघे आणि कोपरांचे पॅड खडकाळ उतारावर जाणाऱ्यांसाठी. कठीण वाटीचे पॅड दगडावरून घसरतात, अडकत नाहीत. काही नव्या पॅडमधील द्रव्य एरवी मऊ असते, पण एकदम मार बसला की कठीण होते. असाच काहीसा चमत्कार घरी पाहता येतो. कॉर्नफ्लॉवरमध्ये थोडे पाणी घालून घट्टसर कालवा. बोट हळू घातले तर आत जाते, ठोसा मारला तर अडते. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट वेगाने उतरण्याच्या शर्यतींसाठी असते. शाळेला किंवा शेताला जाणाऱ्यास त्याची गरज नाही.

आणि या साऱ्याआधी ब्रेक! तुम्ही आणि सायकल मिळून वजन ७५ किलो धरले, तर सातशे मीटर उतरताना सुमारे ५,१४,००० जूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेला ढकलण्यात जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होते. २० अंशांचे दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही सारी ऊर्जा आहे. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डोंगर उतरण्याच्या सायकल शर्यती सुरू झाल्या. डोंगरी सायकलचा खेळ त्यांतूनच वाढला आणि १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये गेला. त्या पहिल्या शर्यतीत मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की, आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली आल्यावर नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून घाटात ब्रेक सतत धरून ठेवू नका. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वळणाच्या आधी लावा. झिजलेले ब्रेकचे रबर बदलायला पैसे फार पडत नाहीत.

तेव्हा पैसे मोजके असतील, तर क्रम असा ठेवा: ब्रेक आणि टायर, मग मानकाचे हेल्मेट, मग हातमोजे, मग गॉगल आणि शेवटी पॅड. आणखी एक सूचना. मेळघाट हा १९७३-७४ मधील देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. नरनाळाही अभयारण्यात येतो. तेथल्या जंगलवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये. वाघापासून वाचवणारे हेल्मेट अजून निघालेले नाही.

भरधाव ट्रकच्या धडकेपुढेही हे दोन सेंटिमीटर अपुरे पडतात, हे विसरू नका. पण शाळेच्या वाटेवर, पांदणीत, घाटाच्या वळणावर होणाऱ्या साध्या पडण्यात पाचशे आणि पंचाहत्तर यांतला फरक तेवढेच दोन सेंटिमीटर करतात. उद्या शाळेत जाल तेव्हा एक करा. सायकल-स्टँडवर उभे राहून किती जण हेल्मेट घालून येतात, किती जणांचा पट्टा बांधलेला असतो आणि किती सायकलींचे दोन्ही ब्रेक लागतात, याचा तक्ता करा आणि तो विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना दाखवा. पुढच्या तासाला काय शिकवायचे, ते त्यांना त्यातूनच सापडेल.